जुन्या पिकअपचा डिझेलचा काटा नाचतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात हडपसरला जुन्या डिझेल पिकअपचं वायरिंग करतो. त्याआधी काही वर्षं स्वतः पिकअप चालवत होतो, सासवडहून मार्केट यार्डला अंजीर आणि सीताफळ. डिझेलच्या काट्याबद्दल लोक जे विचारतात ते बहुतेक तेच तेच असतं, म्हणून एकदा बसून लिहून काढलं. हातात साधा मल्टिमीटर, दहा-बारा नंबरचा पाना, पॉलिश पेपर आणि दोन-तीन मीटर वायर असली तर यातलं निम्मं काम घरच्या घरी होतं.

काटा मधेच अर्ध्यावर, मधेच शून्यावर. टाकीत नेमकं काय बिघडलं?

कदाचित टाकीत काहीच बिघडलेलं नसेल. काटा डिझेल मोजतच नाही, तो रेझिस्टन्स मोजतो, म्हणजे करंटला होणारा अडथळा. त्याचं माप ओहम.

टाकीच्या डोक्यावर टँक युनिट बसवलेलं असतं. त्याला खाली एक दांडी आणि दांडीच्या टोकाला फ्लोट. डिझेल जसं वर-खाली होईल तसा फ्लोट हलतो, आणि दांडीला जोडलेली छोटी जीभ रेझिस्टन्सच्या पट्टीवरून सरकते. पट्टीचा जेवढा तुकडा वाटेत येतो तेवढा रेझिस्टन्स डॅशबोर्डातल्या मीटरला दिसतो आणि त्यावरून काटा उभा राहतो.

पण मीटरला दिसणाऱ्या त्या वाटेत एकटं युनिट नसतं. मीटरपासून टाकीपर्यंतची वायर, मधले कपलर (वायरी जोडणारे प्लग), युनिटची पट्टी आणि युनिटपासून चेसिसमार्गे बॅटरीच्या मायनसपर्यंत करंट परत जायचा रस्ता, म्हणजे अर्थ, ही सगळी एकच वाट. तिच्यात कुठेही गंज आला, बोल्ट सैल झाला, वायर आतून तुटली, की तो रेझिस्टन्सही काटा हिशेबात धरतो. गंजाचे चाळीस ओहम आणि डिझेलचे चाळीस ओहम मीटरला सारखेच.

म्हणून माझा तपासायचा क्रम ठरलेला आहे: आधी अर्थ, मग कपलर आणि वायर, मग युनिट, अगदी शेवटी मीटर. बऱ्याच गॅरेजमध्ये हा क्रम बरोबर उलटा चालतो, कारण अर्थचा बोल्ट घासून दिल्याचं बिल लावायला कोणालाच जमत नाही.

कात्रजचा जुना घाट चढताना काटा पडतो, उतरताना वर येतो. हा बिघाड आहे का?

नाही. चढावर डिझेल टाकीच्या मागच्या भिंतीकडे सरकतं. युनिट पुढच्या बाजूला असेल तर त्याला कमी दिसतं, मागच्या बाजूला असेल तर जास्त. टाकीत आडवे पत्रे असतात, पण ते हेलकावा कमी करतात, घाट सपाट करत नाहीत. अलीकडच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक मीटर थोड्या वेळाची सरासरी काढून दाखवतं म्हणून त्यांचा काटा शांत दिसतो. जुन्या गाडीत जे दिसेल ते तसंच्या तसं.

बिघाड ओळखायचा तर काट्याची चाल बघा. डिझेल जड असतं, त्याला इकडून तिकडे जायला वेळ लागतो. काटा डुलत असेल, वळणावर हळू जाऊन हळू परत येत असेल, तर ते डिझेल आहे. स्पीडब्रेकरवर काटा खट्कन शून्यावर आणि खट्कन जागेवर येत असेल तर ते कनेक्शन. टाकीतलं तीस लिटर डिझेल पापणी लवते तेवढ्यात गायब होऊन परत येत नाही. ही चाचणी करायला आमच्या भागात खड्डे शोधत फिरावं लागत नाही, हे एक बरं आहे.

टाकी फुल केली की बरेच किलोमीटर काटा हलत नाही, आणि अर्ध्याच्या खाली आला की धावत सुटतो.

यातलं बरंचसं नैसर्गिक आहे. गळ्यापर्यंत डिझेल भरलं की फ्लोट वरच्या अडणीला टेकतो आणि त्याच्यावरचं डिझेल संपेपर्यंत तिथेच राहतो. शिवाय टाकी वरून खालपर्यंत सारख्या आकाराची नसते. तळाला कोपरे गोल असतात, खाली निमुळती असते, त्यामुळे खालच्या पाव भागात वरच्या पाव भागाएवढं डिझेल मावत नाही. हे सवयीने कळतं. मात्र पूर्वी नीट उतरणारा काटा अलीकडे पाऊण-अर्धा-पाव असं टप्प्यांत उतरायला लागला असेल, तर युनिटची पट्टी मधेमधे झिजली आहे.

इंडिकेटर दिला की डिझेलचा काटाही त्याच तालात हलतो. हा काय प्रकार?

हा प्रश्न कोणी विचारला की मला आनंद होतो, कारण उत्तर प्रश्नातच असतं: अर्थ.

बऱ्याच पिकअपमध्ये मागचे दिवे आणि टँक युनिट यांचा अर्थ चेसिसवर एकाच बोल्टला किंवा एकाच वायरीला आणलेला असतो. तो बोल्ट गंजला की दिव्यांच्या करंटला परत जायला मोकळी वाट राहत नाही. मग त्या सांध्यावर थोडा व्होल्टेज साठतो आणि तो काट्याला दिसतो. इंडिकेटरचा बल्ब लागला की काटा सरकतो, विझला की परत येतो. हेडलाइट लावल्यावर, ब्रेक दाबल्यावर किंवा रिव्हर्स लाइट लागल्यावर काटा जागा बदलत असेल तर तेही हेच. जुन्या बायमेटल मीटरचा (त्यात करंटने तापून वाकणारी दोन धातूंची पट्टी काटा हलवते) काटा सुस्त असतो, तो ताल धरत नाही. दिवे लावल्यावर अर्ध्या मिनिटात हळूच सरकतो, एवढंच.

अशा गाडीचं युनिट बदलू नका. नवं युनिट त्याच गंजक्या बोल्टाला बांधलं जाईल आणि तेही त्याच तालावर नाचेल.

अर्थ तपासायचा कसा?

सगळ्यात सोपी रीत: लांब वायरीचं एक टोक बॅटरीच्या मायनसला पक्कं लावा, दुसरं टोक टँक युनिटच्या अर्थच्या पिनेला, किंवा युनिटला वेगळी अर्थची पिन नसेल तर त्याच्या पत्र्यावर खरवडून चमकवलेल्या जागी टेकवा. इग्निशन ऑन. काटा लगेच शहाणा झाला तर दोष सापडला.

मल्टिमीटर असेल तर दोन तपासण्या करा. इग्निशन बंद ठेवून युनिटचा अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांच्यात ओहम मोजा. एक ओहमच्या आत यायला हवं. मग इग्निशन, हेडलाइट, इंडिकेटर सगळं चालू करून त्याच दोन जागांवर डीसी व्होल्ट मोजा. अर्थ चांगला असेल तर हा आकडा शून्याच्या जवळ राहतो, फार तर ०.१-०.२ व्होल्ट. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थ खराब समजा. दुसरी तपासणी जास्त खरी, कारण एका धाग्यावर टिकलेली वायरसुद्धा ओहमच्या परीक्षेत पास होते आणि लोड आल्यावर नापास होते.

दुरुस्ती अशी: बोल्ट पूर्ण काढा. लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं), वॉशर आणि चेसिसची जागा, तिन्ही पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. व्हॅसलिन आवळल्यावर, आधी नाही. जागा फारच कुजली असेल तर युनिटपासून थेट चेसिसच्या चांगल्या बोल्टपर्यंत नवी वायर टाका. हे काम मी एकदा केलेल्या गाड्या त्याच तक्रारीसाठी पुन्हा क्वचित येतात.

हे मी शिकलो ते महागात. माझ्या पिकअपचा काटा पावसाळ्यानंतर थोडा जास्त दाखवायला लागला होता. एका दुकानात युनिट बदलून घेतलं, पैसे दिले, फरक शून्य. मग एका पहाटे सीताफळाचे क्रेट भरून दिवे घाट उतरत होतो, काटा पावाच्या वर, आणि घाट संपता संपता इंजिन गप्प. टाकी कोरडी. काटा तेव्हाही पावावरच. नंतर मोजलं तर अर्थच्या बोल्टावरच जवळपास चाळीस ओहम. माझ्या मीटरला रिकाम्या टाकीचे दहा ओहम लागायचे, वर गंजाचे चाळीस मिळून पन्नास, म्हणजे त्याच्या हिशेबाने पाव टाकी. तो खोटं बोलत नव्हता.

म्हणजे अर्थ खराब झाला की काटा नेहमी जास्तच दाखवतो?

नाही, ते मीटरवर अवलंबून आहे. काही पद्धतींत रेझिस्टन्स वाढला की काटा वर जातो. तिथे गंजामुळे काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, आणि हा प्रकार धोक्याचा. काही पद्धतींत रेझिस्टन्स वाढला की काटा खाली जातो, तिथे गंजामुळे कमी दाखवतो. त्यांचे मालक उगाच वारंवार पंपावर जातात, पण रस्त्यात अडकत नाहीत.

दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, आणि दुसऱ्या दिवसापासून काटा वेडा झाला.

प्रेशरच्या पाण्याने धुतलंत ना? टाकीच्या डोक्यावरच्या कपलरमध्ये पाणी गेलं आहे. कपलर काढा, हवा मारा, वाळू द्या. पिनांवर हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून टूथब्रशने घासा, पिना सैल झाल्या असतील तर बारीक पोगरने (टोच्याने) किंचित आवळा. कपलरचं रबर फाटलेलं असेल तर नुसतं वाळवून भागणार नाही, पुढच्या धुण्याला तेच होईल.

याच प्रश्नाचं दुसरं रूप दिवाळीत येतं: चेसिसला काळा रंग मारून घेतला आणि काटा मेला. रंगाऱ्याने अर्थचा लग सोडवून, खाली-वर रंग मारून पुन्हा बसवलेला असतो. रंगातून करंट जात नाही. खरवडा.

मिस्त्री म्हणतो टँक युनिट गेलं. खरंच गेलं का, हे खर्च करण्याआधी कसं कळेल?

दोन मिनिटांचं काम आहे. अर्थ चांगला असल्याची खात्री झाल्यावरच करा.

इग्निशन ऑन करून टँक युनिटचं कपलर काढा. काटा एका टोकाकडे निघेल. कोणत्या, ते गाडीवर अवलंबून. आता मीटरकडून आलेली वायर, म्हणजे कपलरमधली अर्थ नसलेली, क्षणभर चेसिसला टेकवा. काटा दुसऱ्या टोकाकडे निघाला पाहिजे. निघाला की लगेच वायर काढा, टोकाला टेकेपर्यंत थांबू नका. बायमेटल मीटर जास्त वेळ थेट अर्थवर ठेवलं तर आतली तार जळू शकते.

दोन्हीकडे काटा व्यवस्थित गेला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक आहेत, मिस्त्रींचं म्हणणं बरोबर. काटा हललाच नाही तर मीटरचा फ्यूज, मधली वायर किंवा मीटर यांपैकी काहीतरी आहे आणि युनिटला हात लावायचं कारण नाही. मग हीच चाचणी मीटरच्या मागच्या कपलरवर करा. तिथे काटा हलला आणि टाकीपाशी हलला नाही, तर मधली वायर तुटली आहे. भाजीपाल्याच्या गाड्यांत यामागे बहुतेक वेळा उंदीर असतो. सांडलेल्या भाजीसाठी तो येतो आणि जाताना वायर कुरतडतो.

कपलरमध्ये दोनऐवजी तीन-चार वायरी दिसल्या तर गोंधळू नका. एक मीटरची, एक अर्थची, एक डिझेल संपत आल्याच्या दिव्याची. कोणती कोणती ते ठरल्याशिवाय काहीही चेसिसला टेकवू नका. मीटर इलेक्ट्रॉनिक असेल, इग्निशन ऑन करताच काटे एकदा टोकापर्यंत जाऊन परत येत असतील, तर टेकवण्याचा खेळ करू नका. तिथे फक्त युनिटचे ओहम मोजा.

युनिटचे ओहम मोजायचे म्हणजे नेमकं काय बघायचं?

आकड्यापेक्षा तो कसा बदलतो ते बघायचं. कपलर काढून युनिटच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा. दुसऱ्या माणसाला गाडी मागून हलवायला सांगा. आकडा थोडा वर-खाली झाला पाहिजे, पण मधेच गायब होता कामा नये. गायब झाला, म्हणजे जीभ पट्टीवरून उचलली जाते आहे.

युनिट बाहेर काढलं असेल तर दांडी हाताने सावकाश, अगदी सावकाश, खालून वर न्या. या कामाला काट्याचा जुना मल्टिमीटर डिजिटलपेक्षा चांगला. डिजिटल आकडे बदलेपर्यंत पट्टीवरचा मेलेला बिंदू निघून जातो, काट्याच्या मीटरवर तो झटका डोळ्याला दिसतो. असा मल्टिमीटर तपकीर गल्लीत मिळतो.

नवं युनिट टाकलं. आता टाकी भरली की काटा शून्यावर आणि रिकामी झाली की फुल.

दुकानदाराने दुसऱ्या पद्धतीचं युनिट दिलं. जगात या युनिटची एकच पद्धत नाही. युरोपी गाड्यांत चालणाऱ्या एका पद्धतीत रिकाम्याला १० आणि भरल्याला १८० ओहम. अमेरिकी दोन पद्धती: एकीत रिकाम्याला ०, भरल्याला ९०, दुसरीत रिकाम्याला २४०, भरल्याला ३३. बऱ्याच जपानी गाड्यांत रिकाम्याला ११० च्या आसपास आणि भरल्याला ३. आपल्याकडच्या गाड्यांत या सगळ्यांचे नातेवाईक सापडतात, आणि एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत मीटर वेगळं निघू शकतं.

उलटं दाखवणं तरी लगेच कळतं. खरी पंचाईत होते ती जवळपास जुळणाऱ्या युनिटमध्ये, जिथे फुल टाकी पाऊण दिसते आणि रिकामी टाकी एक रेघ वर. म्हणून जुनं युनिट फेकू नका. ते घेऊन दुकानात जा. नव्या आणि जुन्याची दांडी तळाला आणि वर नेऊन काउंटरवरच ओहम मोजा, दांडीची लांबी आणि वाकही जुळवून बघा. नाना पेठेतले दुकानदार याला वैतागतात. वैतागू द्या.

युनिट काढताना काय सांभाळायचं?

टाकी शक्य तेवढी रिकामी करून घ्या. एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम, म्हणजे पन्नास लिटरचे चाळीस किलोच्या वर होतात, आणि टाकीचं वजन वेगळं. बहुतेक पिकअपमध्ये युनिट टाकी आणि बॉडीच्या फटीत असतं, त्यामुळे पट्टे सोडून टाकी थोडी खाली घ्यावी लागते. जॅकवर लाकडी फळी ठेवून तिच्यावर टाकी टेकवा. बॅटरीचा मायनस आधीच काढून ठेवा. विडी-सिगारेटवाल्यांना लांब पाठवा. डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही म्हणून माणसं जरा जास्तच निवांत असतात.

युनिट सोडायच्या आधी वरची माती ब्रशने आणि हवेने साफ करा. ही पायरी गाळली की वर्षभराची माती टाकीत पडते आणि पुढच्या महिन्यात फिल्टर चोक झाल्याची तक्रार येते. युनिट कोणत्या दिशेला बसलं होतं त्याची खूण करा. स्क्रूची भोकं जुळत नसतील तर थांबा, फिरवून बघा. युनिट एकाच दिशेने बसावं म्हणून ती मुद्दाम असमान अंतरावर पाडलेली असतात. गोल रिंगने बसवलेलं युनिट असेल तर रिंग लाकडाच्या किंवा पितळेच्या तुकड्याने ठोकून फिरवा, लोखंडी छिन्नीने नाही, ठिणगी पडते. पॅकिंग नवंच घाला. लाल सिलिकॉन फासून बसवलेली युनिटं मी खूप काढली आहेत: डिझेल त्याला फुगवतं, त्याचे तुकडे टाकीत पडतात आणि पुढे पाइपाच्या जाळीत अडकतात.

युनिट साफ करून चालतं का, की बदलायलाच हवं?

पट्टी बघून ठरवा. पट्टी काळी पडली असेल, जिभेखाली चिकट थर असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ कापड. पॉलिश पेपर इथे चालत नाही. सिरॅमिकवर छापलेल्या पट्टीचा थर कागदापेक्षा पातळ असतो, घासला की संपला. पट्टीत एका ठिकाणी खोल चरा पडला असेल तर जीभ केसभर बाजूला वाकवून कोऱ्या जागेवर आणता येते; ही जुगाडाची गोष्ट आहे, पण भाग मिळतच नसेल तेव्हा वर्ष-दोन वर्षं काढते. तार गुंडाळलेली जुनी पट्टी असेल आणि तार तुटली असेल तर तिथे काहीच होत नाही.

फ्लोट कानाजवळ धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर फ्लोटमध्ये डिझेल शिरलं आहे, तो बुडतो आहे. पितळी फ्लोट डाग देऊन दुरुस्त करता येतो असं लोक म्हणतात. आत अडकलेल्या डिझेलची वाफ होऊन तो तोंडावर फुटू शकतो, म्हणून मी ते करत नाही. नवा घाला.

दर वेळी पाचशेचंच डिझेल टाकतो. त्याचा काट्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि मला हा प्रश्न आवडतो. टाकी कायम पावाच्या खाली असेल तर फ्लोट वर्षानुवर्षं तळाच्या त्याच तीन-चार सेंटिमीटरमध्ये वर-खाली करतो. पट्टी नेमकी तिथेच झिजते. अशा गाडीत फुल टाकी केली की काटा अगदी गुणी मुलासारखा वागतो आणि पावाखाली आला की पिसाळतो. शिवाय अर्धवट रिकाम्या टाकीत ओल धरते, पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं, टाकी आतून गंजते आणि तो गंज दांडीच्या बिजागरीत जातो. पावसाळ्यात तरी अर्ध्याच्या वर ठेवा. खिशाला परवडत नसेल तर निदान महिन्यातून एकदा तळाचा ड्रेन प्लग सोडून पाणी काढा, टाकीला तो असेल तर.

डिझेलबरोबर टेंपरेचरचा काटाही चुकीचा दाखवतो.

मग टाकीचा विषय सोडा. दोन्ही काट्यांना जे समाईक आहे तिथे बघा: मीटरचा फ्यूज, मीटरचा अर्थ, आणि बायमेटल मीटर असेल तर व्होल्टेज स्टॅबिलायझर. डायनामो चालू असताना गाडीत १४ व्होल्टपर्यंत येतात, आणि हा छोटा डबा ते मीटरसाठी सुमारे १० व्होल्टच्या सरासरीवर आणून ठेवतो. तो अडकला की दोन्ही काटे एकदम वर जातात, मेला की दोन्ही खाली. स्टॅबिलायझरला स्वतःचाही अर्थ लागतो, बऱ्याचदा तो फक्त सैल झालेला असतो. स्क्रू आवळून बघा.

मीटर खोलू का?

मायनस काढून, हो. मागे पातळ प्लास्टिकवर तांब्याच्या रेघा असतात. कपलरजवळ त्या तडकतात. काट्याच्या मागचे बारीक नट सैल झालेले असतात, तेच आवळले की कित्येकदा काम होतं. काट्याला बोट लावून फिरवू नका.

पंपावर वीस लिटर टाकलं, काटा हललाच नाही. पंपवाल्याने फसवलं का?

काट्यावरून हे ठरत नाही. तुमचा काटा आधीच संशयित आहे. शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितल्यावर त्यात डिझेल ओतून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त कमी भरलं तर वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करा. पण आधी काटा दुरुस्त करा.

दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवायची कशी?

काट्याकडे बघायचं सोडून द्या. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी फुल करताना किती लिटर बसलं ते लिहा. दोन-तीन वेळा केलं की तुमच्या गाडीचा लोडसकटचा ॲव्हरेज कळतो. त्या हिशेबाने फुल टाकीत जितके किलोमीटर निघतील त्याच्या दोन-तृतीयांशावर पंप गाठा. रिकामी गाडी आणि माल भरून घाट चढलेली गाडी यांचा ॲव्हरेज एक नसतो, हे वेगळं सांगायला नको.

ट्रिप मीटरही बंद असेल तर जुन्या ट्रक ड्रायव्हरची काठी. भरायचा पाइप सरळ असेल तर पातळ, कोरडी, साल नसलेली लाकडी काठी तळापर्यंत घाला. टाकी कोरडी असताना पाच-पाच लिटर ओतत काठीवर खुणा करून घ्या. काठी तिरकी घातली तर माप चुकतं, आणि ती आत तुटली तर मला फोन करू नका.

संपलंच डिझेल, तर?

उतारावर संपलं तर आधी ब्रेकचं बघा, डिझेलचं नंतर. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप बंद. साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन ब्रेक लागतात, मग पॅडल दगडासारखं कडक होतं, पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर असं झालं तर ब्रेक पंपासारखा मारत बसू नका. एकदाच घट्ट दाबून धरा, गिअरमध्ये ठेवा, हॅझर्ड लाइट लावा आणि डाव्या कडेला घ्या.

डिझेल टाकून नुसता सेल्फ मारून भागत नाही, गाडीने एअर धरलेली असते, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरलेली असते. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा, हातपंप मारत रहा, फेस जाऊन बिनबुडबुड्यांचं डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मधे मिनिटभर थांबा. कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाचं डिझेल देणारं) असेल तर पंपापासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक जाड-भिंतीच्या नळ्यांना पाना लावू नका. त्यांत इंजिन चालू असताना दाब हजार बारच्या वरही जातो, तो बोटातून आरपार जातो.

माझी पिकअप पेट्रोल-सीएनजी आहे. हेच लागू आहे का?

वायरिंगचं सगळं लागू. पण टाकीपाशी वायर टेकवून बघण्याची चाचणी पेट्रोलवर करू नका, ती मीटरच्या मागेच करा. टाकी उघडण्याचं काम उघड्या हवेत, तेही माहीतगाराकडून. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत पेट्रोल महिनोन्‌महिने तळाला पडून राहतं, त्याचा चिकट राळेसारखा थर होतो आणि दांडी अडकते. काटा एकाच जागी ठाण मांडून बसला असेल तर हेच बघा. सीएनजीचं बटणावरचं दिव्यांचं माप सिलिंडरच्या दाबावर चालतं, त्याचा या काट्याशी संबंध नाही.

काटा शून्यावर टेकल्यावर टाकीत किती उरतं?

प्रत्येक गाडीत वेगळं, आणि दुरुस्तीनंतर तुमच्याच गाडीतही बदललेलं असू शकतं. एकदा मोजून घ्या. पाच लिटरचा कॅन मागे भरून ठेवा, काटा शून्यावर टेकला की सरळ पंपावर जाऊन फुल करा. टाकीच्या क्षमतेतून बसलेले लिटर वजा करा. तो आकडा स्केचपेनने मीटरच्या काचेच्या कोपऱ्यात लिहा. माझ्या गाडीवर तो अजून आहे: ६.